बोहारणीच्या गाठोड्यांतील इतिहास

इतिहास म्हटला कीं आपली दृष्टि ताम्रपट, बखरी आणि किल्ले यांकडे वळते. आमच्या बल्लारपुरास वर्धा नदीच्या कांठीं गोंड राजांचा किल्ला आहे. तो पाहावयास लोक येतात. परंतु दारोदार फिरणाऱ्या बोहारणीच्या गाठोड्याकडे इतिहासाचें साधन म्हणून आपण क्वचितच पाहतों.

हा व्यवहार मोठा मौजेचा असे. दुपारीं शेजारणी ओसरीवर जमत, जुनीं लुगडीं उलगडीत, आणि एका पातेल्यापायीं तासभर घासाघीस चाले. बोहारीण वस्त्र उजेडाकडे धरून कोठें विरलें आहे तें पाही. धड वस्त्रें धुऊन व रफू करून जुन्या बाजारांत विकलीं जात. चिंध्या यंत्रें पुसावयास लागत. जें विरलेलें वस्त्र घरींच राही, त्याची वाकळ होई.

१९२९ सालीं काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास जोडलीं गेलीं. १९४५ सालीं येथें कागदाची गिरणी स्थापन झाली. खाणींत व गिरणींत कामास तेलुगु आणि हिंदी मुलखांतील कुटुंबें आलीं, आणि त्यांच्यासवें त्यांचीं वस्त्रेंही आलीं. आमच्या अरण्यांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर ढीवर लोकांनीं वाढविलेल्या कोशाचें सोवळें येथल्या घरांत होतेंच. गांवांत कोण कोठून आलें, हें अशा गाठोड्यावरूनही ओळखतां यावें.

जपानांतील तोक्यो शहरीं सेतागाया येथें जुन्या वस्तूंचा एक बाजार भरतो; त्याचा उगम १५७८ सालचा. त्याच्या नांवांतील ‘बोरो’ या शब्दाचा अर्थच चिंध्या. तेथील किमोनो सुमारे १४ इंच रुंद व १३ वार लांब अशा एका पट्टीचे सरळ तुकडे जोडून शिवतात. त्यामुळें तो उसवून, धुऊन पुन्हा शिवतां येतो, आणि एका पिढीचें वस्त्र दुसरीच्या अंगावर चढतें. आज मैत्रिणी मिळून जुने किमोनो निवडावयास जातात, तेव्हां विणकाम व रंगकाम पारखून किंमत ठरते. आपलें लुगडें तर मुळींच न कापलेलें. तें याहूनही सहज पुढें जावें.

परंतु आपल्याकडे जुन्या पैठणीचें मोल पुष्कळदां निराळ्या रीतीनें होतें. तिची जर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेची असते. जर विकत घेणारा वजन करतो, वस्त्र जाळतो आणि चांदी काढून घेतो. पदरावरील मोर भरतकामाचे नसून रंगीत धागे एकमेकांत गुंतवून मागावरच विणलेले असतात. विणकराचे ते कित्येक दिवसांचे श्रम तराजूंत धरलेच जात नाहींत.

म्हणून भगिनींनो, जुनें लुगडें विकावयाचें असो वा मैत्रिणींसह विकत घ्यावयाचें असो, तें कोठें विणलें व कोणत्या लग्नांत घेतलें, हें आधीं वडील बायकांना विचारा. एका चिठ्ठीवर सालासह लिहा, आणि ती चिठ्ठी त्याच्या घडींत ठेवा.