परतीची वाट असलेली सीडी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि मला एकाच छापाचे फोन यायला लागले. "अरे, लॅपटॉप मस्त चालतोय, पण ११ चालणार नाही म्हणतोय. लिनक्स टाकू का?" माझं उत्तरही एकाच छापाचं. "टाकू नकोस. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघ."

या उत्तराला इतिहास आहे. तो शिकायची फी मी भरली नाही, बाबांनी भरली. सांगतो.

लिनक्सचा इतिहास म्हटलं की गाडी हेलसिंकीहून सुटते. २५ ऑगस्ट १९९१, एकवीस वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स, मिनिक्सवाल्यांच्या गटात टाकलेला तो निरोप, आपला हा नुसता छंद आहे वगैरे. झकास गोष्ट आहे, पण ती कर्नलची. नुसतं कर्नल घेऊन तुम्हाआम्हाला काहीच करता येत नाही. कोणीतरी ते इतर पन्नास गोष्टींबरोबर बांधून, फ्लॉपीवर भरून हातात द्यावं लागतं. असं एक गाठोडं १९९२ मध्ये निघालं, एसएलएस नावाचं. त्यात इतक्या चुका होत्या की त्या निस्तरता निस्तरता पॅट्रिक वोल्करडिंगने जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर काढलं, आणि त्याच गाठोड्याला वैतागून पुढच्याच महिन्यात इयन मरडॉकने डेबियनची घोषणा केली. आज हयात असलेल्या सगळ्यात जुन्या दोन डिस्ट्रो एकाच वैतागातून जन्मल्या आहेत. :)

पण त्या काळातल्या नवख्याचे हाल विचारू नका. ग्राफिक्स सुरू करायला आपल्या मॉनिटरची हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी आपणच सांगायची, आणि चुकीचा आकडा दिलात तर मॉनिटर जळू शकतो अशी धमकी शेजारीच लिहिलेली. हे सगळं कमावलेल्या लोकांना त्याचा अभिमानही वाटायचा. आपण पोहायला शिकताना विहिरीत ढकललेले, मग तुम्हालाही ढकलणार.

याला जाहीर आक्षेप घेतला तो ट्यूबिंगनच्या मत्तिआस एट्रिश या विद्यार्थ्याने, ऑक्टोबर १९९६ मध्ये. मैत्रिणीच्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की तिला वापरता येईल असं यात काही नाहीच. प्रत्येक प्रोग्रॅमची बटणं वेगळी, वागणं वेगळं. त्यातून केडीई उभं राहिलं. (मैत्रिणीचं पुढे काय मत झालं ते कुठे नोंदवलेलं मी वाचलेलं नाही.) मग १९९८ मध्ये मँड्रेक आलं. १९९९ मध्ये कॅल्डेराच्या ओपनलिनक्स २.२ ने तर कमाल केली. इन्स्टॉल होत असताना वेळ जावा म्हणून पडद्यावर टेट्रिस!

म्हणजे २००१ पर्यंत दिसायला सगळं सोपं झालं होतं, आणि नेमका तेव्हाच मी या भानगडीत पडलो.

आमच्याकडे एक असेंबल्ड पीसी होता. विंडोज ९८, वीस जीबीची डिस्क. एका मासिकाबरोबर रेड हॅटच्या सीडी आल्या होत्या. विंडोज काढून टाकायचा विचार नव्हताच, आणि त्याचं कारण होतं मोडेम. त्या वेळच्या बहुतेक स्वस्त मशीनमध्ये जो इंटर्नल मोडेम असायचा त्याला विनमोडेम म्हणत. खरा मोडेम आपलं काम आपल्या चिपवर करतो. विनमोडेममध्ये ती चिप वाचवलेली असायची, तिचं काम विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत आपल्याच प्रोसेसरकडून करून घेतलं जायचं. लिनक्समध्ये ड्रायव्हर नाही, म्हणजे ते कार्ड निव्वळ पत्र्याचा तुकडा. गंमत बघा, अडलं की उत्तर इंटरनेटवर, आणि अडलेलं असायचं इंटरनेटच! प्रश्न लिनक्समध्ये, उत्तर विंडोजमध्ये, मध्ये रिबूट. अशा स्थितीत दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. म्हणजे पार्टिशन आलं.

आता नीट लक्ष द्या. विंडोजमध्ये आमच्या डिस्कचे तीन भाग दिसायचे, सी, डी आणि ई. सी मध्ये विंडोज, ई मध्ये माझी गाणी. डी बाबांचं. त्यात ते दोन वर्षं आजोबांच्या आठवणी टाइप करत होते. आजोबा, विहीर, कूळकायदा, भाऊबंदकी, सगळं. रोज रात्री जेवण झाल्यावर एका बोटाने, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. साठेक पानं झाली होती.

मी ई लिनक्सला द्यायचं ठरवलं. गाणी सी मध्ये कॉपी केली, सीडी लावली. पार्टिशनच्या पडद्यावर यादी आली ती अशी: एचडीए१, एचडीए२, एचडीए५, एचडीए६. सी, डी, ई कुठेच नाही. मी बोटं मोजली. पहिलं सी, दुसरं डी, तिसरं ई. तिसरं म्हणजे एचडीए५. शेवटचं ते ६ काय आहे ते कळलं नाही, असेल काहीतरी म्हणून सोडून दिलं.

ज्यांना माहीत आहे त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. एका डिस्कवर मुख्य पार्टिशन चारच करता येत. जास्त हवी असतील तर त्यातलं एक नुसतं रिकामं खोकं म्हणून ठेवायचं आणि बाकीची त्याच्या आत करायची. लिनक्समध्ये १ ते ४ हे आकडे मुख्य पार्टिशनांसाठी राखीव, त्यामुळे खोक्याच्या आतली मोजणी ५ पासून सुरू होते. एचडीए२ हे खोकं होतं. विंडोज ते दाखवतच नाही. एचडीए५ म्हणजे डी. दोन्ही भाग सहा सहा जीबीचे, त्यामुळे आकारावरूनही शंका आली नाही. मी एंटर मारलं.

वाईट म्हणजे मला ते लगेच कळलंही नाही. रिबूट केल्यावर लिलो, म्हणजे लिनक्स आणि विंडोज यांतलं काय सुरू करायचं ते विचारणारा प्रोग्रॅम, स्वतःच्या नावातली पहिली दोन अक्षरं छापून गप्प बसला. ही दोन अक्षरं पाहून रडलेले लोक पुष्कळ आहेत. रात्रभर त्याच्याशी झुंजलो, शेवटी विंडोजच्या स्टार्टअप फ्लॉपीने पूर्ववत केलं. विंडोज सुरू झालं तेव्हा हुश्श केलं. मग डी उघडलं. आत माझी गाणी होती. खरा डी गेल्यामुळे ई पुढे सरकून डी झाला होता. ज्यांच्यावर मी पाणी सोडलं होतं ती सगळी गाणी शाबूत, आणि बाबांची पानं रेड हॅटच्या खाली गाडलेली.

बाबा रागावले नाहीत. पहिल्या बावीस पानांचा प्रिंट होता, तो त्यांनी कपाटातून काढून पाहिला आणि परत ठेवला. पुढची पानं त्यांनी पुन्हा लिहिली नाहीत. मी दोनतीनदा विचारलं, मग विचारणं बंद केलं.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. हे झालं त्याच्या आधीच, सप्टेंबर २००० मध्ये, जर्मनीत क्लाउस क्नॉपर या माणसाने क्नॉपिक्सची पहिली आवृत्ती काढली होती. सीडीवरूनच चालणारं लिनक्स. अशी कल्पना त्यानेच पहिल्यांदा केली असं नाही, यग्ड्रासिल नावाची सीडी १९९२ मध्येच आली होती. पण क्नॉपिक्सने दोन गोष्टी जमवल्या. सुमारे दोन जीबीचा मालमसाला दाबून सातशे एमबीच्या सीडीत बसवला, आणि समोर येईल ते हार्डवेअर स्वतःच ओळखायला लागलं. हार्ड डिस्कला हात न लावता मेमरीत सगळा डेस्कटॉप उभा. आणि त्या डेस्कटॉपवर तुमच्या डिस्कचे सगळे भाग ओळीने दिसायचे, फक्त वाचण्यापुरते उघडलेले. एचडीए५ वर क्लिक केलं असतं तर आत आजोबा दिसले असते.

इन्स्टॉलर सोपा करणाऱ्यांनी, टेट्रिसवाल्यांनीसुद्धा, उडी मारणं सोपं केलं होतं. उडी मारायच्या आधी पाण्यात पाय घालून बघायची सोय क्नॉपिक्सने दिली. माझ्या मते नवख्यासाठी लिनक्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच.

उबुंटूवाल्यांना हे बरोबर कळलं होतं. २० ऑक्टोबर २००४ ला पहिली आवृत्ती, ४.१०, आली तेव्हापासून ते घरपोच फुकट सीडी पाठवायचे. पाकिटात दोन सीडी, एक टाकायची आणि एक नुसती चालवून बघायची. जून २००६ मध्ये ६.०६ ने या दोन्हींची एकच केली. आधी चालवा, आवडलं तर डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबा. लोक तपकिरी रंगाची थट्टा करत बसले, पण खरी करामत ते चिन्ह होतं. २००८ मध्ये वुबी आलं, उबुंटू चक्क विंडोजमधली एक फाइल म्हणून टाकायचं. ते मला कधीच आवडलं नाही, वीज गेली की त्या फाइलची खात्री नसायची. २०१३ मध्ये ते बंदही झालं. फुकट सीडी २०११ मध्ये थांबल्या, तोवर पेनड्राइव्ह आले होते.

लाइव्ह चालवून सगळंच कळतं असं नाही हं. प्रिंटर, झाकण मिटल्यावर झोपणं, तुमचं ते एकच विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर, ही दुखणी नंतरच निघतात. पण ती दुरुस्त करता येणारी दुखणी आहेत.

असो. विंडोज १० वाल्या त्या फोनमध्ये एक बाबांचाही होता. त्यांचा लॅपटॉप जुना आहे, पण त्यांना बातम्या, मेल आणि पत्ते एवढंच लागतं. मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. मिंट सुरू झालं, वायफाय लागलं, हे सगळं मी कौतुकाने दाखवत होतो. बाबांनी माझ्या हातातून माउस घेतला, फोल्डरचं चिन्ह उघडलं, डाव्या बाजूच्या यादीत शोधत शोधत त्यांच्या फाइली असलेल्या भागावर गेले. सगळी फोल्डर जागच्या जागी होती. एकेक उघडून त्यांनी पाहिली. दहाएक मिनिटं तरी गेली असतील.

"टाक," ते म्हणाले. "पण आज नको. उद्या सकाळी, मी शेजारी बसतो."