पहिली पायरी : जीपच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास

१९४४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेच्या युद्धखात्याने 'टीएम ९-८०३' या क्रमांकाची एक पुस्तिका काढली. विषय होता पाव टन भार वाहणारी, चारही चाकांना गती देणारी एक लहानशी गाडी, जिला तोवर सारे जग 'जीप' म्हणू लागले होते. चालकाने करावयाच्या देखभालीचे या पुस्तिकेत चार वेळांनुसार भाग पाडले आहेत : गाडी हलवण्यापूर्वी, ती चालत असताना, वाटेत थांबल्यावर आणि काम संपल्यावर. वाटेत थांबल्यावर करावयाच्या कामांत एक काम असे, की चाकांचे हब, ब्रेकचे ड्रम, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांना बेताने हात लावून ते वाजवीपेक्षा अधिक तापले आहेत काय हे पाहावे. या कामी चालकाचा तळहात हेच पुरेसे साधन मानले आहे.

यंत्रांचा इतिहास बहुधा जन्मकथांचा असतो. कोणी शोध लावला, पहिला नमुना केव्हा तयार झाला, पहिला कारखाना कोठे उभा राहिला, एवढे सांगून तो थांबतो. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात नेमका हाच आक्षेप घेतला आणि शोधांऐवजी वापराचा, म्हणून देखभालीचाही, इतिहास लिहिला पाहिजे असे प्रतिपादले. या दृष्टीने पाहता जीपइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. अंगणात जुनी जीप खोलून बसलेल्या माणसाला आपण हौशी म्हणतो, किंवा नवी गाडी परवडत नाही म्हणून कीव करतो. आमच्या मते हे दोन्ही समज अपुरे आहेत. ही गाडी जन्मली तीच मुळी मालकाच्या, निदान चालकाच्या, हाताने दुरुस्त होण्यासाठी.

अमेरिकी सैन्यात वाहनांच्या देखभालीच्या पाच पायऱ्या मानल्या जात. पाचवी पायरी म्हणजे गाडी पूर्ण उकलून नव्याने बांधणारे मोठे आगार. पहिली पायरी म्हणजे स्वतः चालक. कारखाना हजारो मैल दूर आणि समोर वाळवंट किंवा चिखल, अशा स्थितीत ही पहिली पायरी भक्कम असणे सैन्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. यंत्राची रचनाही त्यास अनुकूल होती. विलिस कंपनीच्या आराखड्यांवरून फोर्ड कंपनीही तीच गाडी बनवी, आणि एकीचे भाग दुसरीस बसत. फोर्डने आपल्या बोल्टांवर 'एफ' हे अक्षर उमटवले होते. आजही जुन्या जीपची जुळवाजुळव करताना ते अक्षर नजरेस पडते. शिकवणीसाठी केवळ पुस्तिकांवर विसंबूनही सैन्य राहिले नाही. विल आयस्नर या चित्रकथाकाराने 'जो डोप' नावाचा वेंधळा शिपाई निर्माण केला. देखभालीत हयगय केली की काय होते, हे त्याच्या फजितीतून शिपायांना कळे. १९५१ साली सुरू झालेल्या सैन्याच्या 'पी. एस.' या देखभालविषयक मासिकाचे कलासंपादनही पुढे आयस्नरने वीस वर्षे केले.

युद्ध संपले आणि भारतातील तळांवर उरलेल्या गाड्या 'डिस्पोजलचा माल' म्हणून लोकांच्या हाती आल्या. पण केवळ युद्धाच्या शिलकीवर ही परंपरा टिकली नसती. १९४५ साली स्थापन झालेली आणि १९४८ साली 'महिंद्र अँड महिंद्र' हे नाव धारण करणारी कंपनी आरंभी पोलादाच्या व्यापारात होती. तिने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतून सुट्या स्वरूपात आलेल्या विलिस जीप मुंबईत माझगावला जोडण्यास सुरुवात केली. १९५३ साली विलिसने उंच बॉनेटचे 'सीजे-३बी' हे रूप आणले. नव्या इंजिनात आत घेण्याची झडप डोक्यावर गेल्याने इंजिनाची उंची वाढली होती, म्हणून बॉनेट उंच. अमेरिकेत हे रूप १९६८ साली बंद झाले. मुंबईत मात्र त्याचाच वंश चालू राहिला. पेट्रोलच्या जागी डिझेल आले, प्यूजोच्या आराखड्याची इंजिने इगतपुरीला होऊ लागली, नावे बदलली. पण मूळ सांगाडा, पाटे, अ‍ॅक्सल यांची जातकुळी ओळखीची राहिली. २०१० साली आलेल्या पहिल्या 'थार'च्या चेहऱ्यातही ती लपत नव्हती.

या सातत्याचे महत्त्व विक्रीच्या आकड्यांत मोजता येणार नाही. वडिलांनी एका जीपवर जे शिकून घेतले, ते मुलाला दुसऱ्या जीपवर उपयोगी पडले, हा त्याचा खरा अर्थ. १९५२ साली समूह विकास योजना सुरू झाली आणि ब्लॉकची जीप हे ग्रामीण भागातले परिचित दृश्य बनले. जंगलखाते, पाटबंधारे, आरोग्य या सर्व खात्यांच्या जीप कालांतराने निकामी ठरून लिलावात निघत. सरकारने मोडीत काढलेली गाडी विकत घेणाऱ्याला ती उघडावीच लागे. लिलावातली जीप घेणे म्हणजे एका अर्थी शाळेत नाव घालणेच होते.

त्या शाळेत काय शिकवले जाई? जुन्या विलिसचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे, झडपा बाजूला असलेले. बाजूचे झाकण काढले की टॅपेट समोर येतात. फीलर गेज घालून चौदा हजारांश इंचाची फट राखायची. पुढची चाके विशिष्ट वेगाला थडथडू लागली, म्हणजे 'वॉबल' मारू लागली, तर दोष स्टिअरिंगच्या चाकात शोधायचा नसतो. तो किंगपिनच्या बेअरिंगमध्ये, टायरॉडच्या टोकांत किंवा पाट्यांच्या झिजलेल्या बुशांत असतो. किंगपिनखालच्या पातळ शिम कमी-अधिक करायच्या आणि चाक वळवायला किती जोर लागतो ते ताणकाट्याने मोजायचे. युद्धकाळातील जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेला माणूस पाना नेहमीच्या दिशेने ओढतो, जोर वाढवतो आणि अखेर बोल्ट मोडून बसतो. हे ज्ञान शेजाऱ्याकडून, मिस्त्रीकडून किंवा मोडलेल्या बोल्टकडून मिळते.

'घरगुती' या शब्दाने गैरसमज होऊ नये. घरी दुरुस्ती करणारा मालक एकटा नसतो. ड्रम घासायचा तर लेथवरचा टर्नर लागतो, हेडचा पृष्ठभाग सपाट करून घ्यायचा तर मशीन शॉप लागते, आणि न मिळणाऱ्या भागासाठी भंगारबाजार पालथा घालावा लागतो. पण काय बिघडले आहे याचा निर्णय मालकाचा असतो. तो टर्नरकडे जातो तो किती घासायचे हे ठरवून.

या सगळ्याला अलीकडे 'जुगाड' म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनी या शब्दाला प्रतिष्ठाही दिली आहे. आम्हांस हा गौरव मान्य नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. जुन्या जीपचे ब्रेक एकाच मार्गाचे असतात; मास्टर सिलिंडरपासून चार चाकांपर्यंत तेलाची एकच वाट. एका चाकाचे रबर फाटले की चारही चाकांचा दाब जातो. अशा ठिकाणी वेळ मारून नेणाऱ्याला पहिला घाट क्षमा करत नाही. जी जीप साठ वर्षे रस्त्यावर राहिली, ती बहुतेक वेळा मापे पाळणाऱ्या माणसाच्या हातात होती म्हणून राहिली. जुगाडाच्या कौतुकात त्या माणसाची शिस्त अदृश्य होते. 'गरिबांची कल्पकता' असे गोड नाव देऊन आपण त्याचे शास्त्र नाकारतो.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. जुन्या इंजिनाचा धूर अधिक असतो आणि जुन्या जीपमध्ये अपघातातून बचावाची साधने जवळजवळ नसतात, हे आम्ही नाकारत नाही; तपासणी कडक असावी, हेही मान्य. प्रश्न निराळा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी; चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा आणि ती रोजच्या वापरात नसावी. वारसा जपण्याचा हेतू चांगलाच आहे. पण या व्याख्येत बसते ती प्रामुख्याने झाकून ठेवलेली गाडी. जी जीप शेतावर राबली, जिच्यात पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसले, जिची बॉडी कुजल्यावर गावच्या लोहाराने नवे पत्रे ठोकले, ती या व्याख्येबाहेर राहते. वारसा म्हणून वस्तूला मान मिळाला. ती वस्तू चालती ठेवणाऱ्या कामाला मिळाला नाही. जीपच्या बाबतीत तर ही उलटापालट विशेष खटकते, कारण मूळ स्वरूपात निश्चल राहणे हा तिचा स्वभाव कधीच नव्हता.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'चा आराखडा करण्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारींचाही त्यात समावेश केला. आज गाडीतील बिघाड संगणक सांगतो, आणि त्या संगणकाशी बोलण्याचे साधन अनेकदा कंपनीच्याच केंद्रात असते. चर्चा पुस्तिका, सुटे भाग आणि निदानाची साधने ग्राहकाला मिळण्याभोवती फिरते. ती आवश्यक आहे. परंतु पुस्तिका हाती आली तरी ती वाचू शकणारा हात लागतो, आणि तसे हात अनेक वर्षांच्या सवयीने घडतात. ती सवय ज्यांच्याकडे अद्याप शिल्लक आहे, त्यांच्या जीप तपासणीच्या रांगेत उभ्या असताना, गाडीच्या वयाबरोबर तिची देखभाल कोणी आणि कशी केली याचीही नोंद घेणे अशक्य नाही. १९४४ च्या त्या पुस्तिकेने ही जबाबदारी चालकाच्या तळहातावर सोपवली होती. आजच्या नियमांत त्या तळहातासाठी एक रकानाही नाही.