निद्रा, क्षुधा आणि वऱ्हाडातील विषाद

रात्रभर डोळ्यास डोळा न लागणे आणि ताटावर बसूनही घास गोड न लागणे, ही दोन गाऱ्हाणी वऱ्हाडात घरोघर ऐकू येतात. त्यांचे खापर बहुधा पित्तावर किंवा कर्जाच्या काळजीवर फुटते. ती मनाच्या विकाराची खूण असू शकेल, हा विचार मागाहून सुचतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र तो फार प्राचीन आहे.

चरकसंहितेने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांस देहाचे तीन उपस्तंभ मानले असून, रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादास अग्रस्थान दिले आहे. हिपोक्राटीसच्या नावे चालत आलेल्या ग्रीक ग्रंथांतही खिन्नतेच्या जोडीस अन्नद्वेष व निद्रानाश यांची नोंद आढळते. काळ्या पित्ताची ग्रीकांची उपपत्ती पुढे त्याज्य ठरली. निरीक्षण मात्र टिकले. १९८० साली अमेरिकेतील मनोवैद्यकांच्या संघटनेने नैराश्याची लक्षणे निश्चित केली. त्यांत झोप उडण्याबरोबर अतिझोप आणि भूक मंदावण्याबरोबर अतिभूकही गणली गेली. अशी अनेक लक्षणे एकत्र येऊन किमान दोन आठवडे टिकावीत, असा दंडक पडला. एका लक्षणावरून निदान करणे योग्य नव्हे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ प्रश्नांच्या तपासणीपत्रकात तिसरा प्रश्न झोपेचा, तर पाचवा भुकेचा आहे.

हे ज्ञान वऱ्हाडाच्या खेड्यांत पोहोचण्यास विलंब लागला. कपाशीच्या या मुलखातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी मनःस्वास्थ्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. त्याच्या आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा सुमारे ४ जणच उपचारार्थ कोणाकडे जात. दीड वर्षाने हे प्रमाण शेकडा २७ वर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हे कार्य केले. २०१५ साली राज्यशासनाने अमरावती व अकोला यांसह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प हाती घेतला. त्यात विचारपूस करण्याचे काम आशा कार्यकर्तींकडे आले.

या इतिहासाचे तात्पर्य व्यवहाराचे आहे. 'मन खचले' असे सांगण्यास माणूस संकोचतो. 'झोप येत नाही' हे तो सहज सांगतो. परतलेले ताट आणि उघडे राहिलेले डोळे प्रथम घरच्यांसच दिसतात. पीक बुडाले म्हणजे असे व्हायचेच, म्हणून ते सोडून दिले, तर उपचाराची वेळ टळते. दोन आठवडे हा क्रम चालल्यास रुग्णास डॉक्टरांकडे न्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्रशासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर उपलब्ध आहे.