बडबडगीत आणि बाहुली : अक्षरओळखीच्या आधीचे शिक्षण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार वय वर्षे तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला जातो. गोव्यात त्याची अंमलबजावणी २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. या टप्प्यात खेळ, गाणी, गोष्टी व बाहुल्या यांना शिकण्याच्या साधनांचे स्थान आहे. तरीही ‘मुलाला अजून लिहायला का शिकवले नाही?’ हा पालकांचा प्रश्न कायम असतो. त्यासाठी ही साधने नेमके काय शिकवतात, हे समजून घ्यायला हवे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले व पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. गाणी, गोष्टी आणि परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू हीच त्यांची शैक्षणिक सामग्री होती.

बडबडगीतात अर्थापेक्षा नादाला महत्त्व असते. ‘पान’, ‘कान’, ‘मान’ असे शब्द पुन्हा पुन्हा कानांवर पडले, की त्यांचा शेवट सारखा आणि सुरुवात निराळी आहे, हे मुलाच्या ध्यानात येते. शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला असतो, ही जाण म्हणजेच वाचनाची पूर्वतयारी होय. ऑक्सफर्ड विद्यापीठातील पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तिसऱ्या वर्षी ज्या मुलांना बालगीते अधिक येत होती, ती पुढे ध्वनी ओळखण्यात व वाचनात सरस ठरली. बुद्ध्यांक व सामाजिक स्थिती यांतील फरक विचारात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

बाहुलीचे कार्य वेगळे आहे. बाईंसमोर गप्प राहणारे मूल बाहुलीशी मोकळेपणाने बोलते, कारण बाहुली त्याची परीक्षा घेत नाही. बाहुलीने मुद्दाम चुकीचे मोजले, तर मूल तिला दुरुस्त करते आणि क्षणभर स्वतःच शिक्षक होते. भीती, राग, मत्सर या भावनाही बाहुलीच्या तोंडून बोलून दाखवणे त्याला सोपे जाते. गोव्याशेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वर्गासाठी मात्र जुना पायमोजा किंवा कागदाची पिशवीही पुरेशी होते. लहान मुले बटणे, मणी तोंडात घालतात. म्हणून बाहुलीचे डोळे शाईने रंगवावेत.

वापराची काही पथ्ये आहेत. रोज नवे गाणे न घेता एकच गाणे काही दिवस म्हणावे. यमकाच्या शब्दापूर्वी थांबावे व तो शब्द मुलांना पूर्ण करू द्यावा. प्रत्येक अक्षराला टाळी वाजवावी. घरी कोकणी, शेजारी मराठी व शाळेत इंग्रजी ऐकणाऱ्या मुलासाठी आरंभ घरच्या भाषेतील गाण्याने करावा. ध्वनींची ही जाण दुसरी भाषा वाचतानाही उपयोगी पडते. मोबाइलवरील गीत मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही, त्याची चूक ऐकत नाही. म्हणून ते आजीच्या किंवा शिक्षिकेच्या गाण्याची जागा घेऊ शकत नाही.

मुलाची प्रगती पाहायची असेल, तर पालकांनी वहीची पाने मोजण्याऐवजी त्याला ‘पान’शी जुळणारा शब्द विचारावा, किंवा ऐकलेली गोष्ट बाहुली हाती घेऊन सांगायला लावावी. जे मूल हे सहज करते, त्याला पुढे अक्षरे गिरवताना त्यांचे आवाज ओळखीचे वाटतात.