फिब-४ निर्देशांक
यकृत किती निबर झाले, याचा रक्तचाचणीवरून अंदाज देणारा, २००६ साली मांडलेला निर्देशांक. वयाला एएसटी या यकृतातील एन्झाइमच्या आकड्याने गुणायचे. प्लेटलेटची संख्या आणि एएलटी या दुसऱ्या एन्झाइमचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. वय ५०, एएसटी ६०, एएलटी ३६, प्लेटलेट दीड लाख (सूत्रात १५०) असल्यास उत्तर ३.३३, २.६७ च्या वर, म्हणजे धोका मोठा. एएलटी मात्र जवळपास नॉर्मल! म्हणून नुसत्या एएलटीच्या आकड्यावर विसंबणे घातक. बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांत यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनपेक्षा या रक्तचाचण्या सहज होतात, त्यामुळे पहिली चाळणी इथेच लागावी. १.३ ते २.६७ मधले उत्तर संदिग्ध राहते, हा आक्षेप खरा. पण इथे काम निदानाचे नसून निवडीचे आहे. १.३ च्या खालच्या बहुतेकांची फायब्रोस्कॅनसाठीची पुण्याची खेप टळते. पासष्टीनंतर मात्र ही खालची मर्यादा २ धरावी.