करडईच्या फुलातील दोन रंग

बीड शहरानजीक पाली येथे बिंदुसरा नदीवर धरण असले, तरी बीड जिल्ह्यातील बरीचशी शेती आजही पावसावर अवलंबून आहे. मराठवाड्यातील अशा कोरडवाहू जमिनीत रब्बी हंगामात तग धरणारे पीक म्हणजे करडई. खोल जाणाऱ्या मुळांमुळे ती जमिनीतील ओलाव्यावर वाढते आणि काट्यांमुळे ज्वारीच्या शेताला कुंपण म्हणूनही उपयोगी पडते. आज ती तेलबी म्हणून ओळखली जात असली, तरी प्राचीन काळी तिचे मोल फुलांतील रंगासाठी होते. इजिप्तमधील प्राचीन वस्त्रांवर करडईचा रंग आढळला आहे.

वनस्पतींतील रंगद्रव्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील लाल व निळा भाग शोषून अन्ननिर्मितीस ऊर्जा पुरवते. गाजर, झेंडू यांतील कॅरोटिनॉइड हरितद्रव्याला तीव्र प्रकाशापासून जपतात. फ्लेव्होनॉइड गटातील अँथोसायनिनमुळे जांभूळ व कोकम यांना रंग येतो. बीट, तांबडा राजगिरा यांत बीटालेन असते. ते व अँथोसायनिन एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत. फुलाफळांचे रंग परागीभवन करणाऱ्या कीटकांना आणि बीजप्रसार करणाऱ्या पक्ष्यांना आकर्षित करतात.

करडईच्या पाकळ्यांतील रंगद्रव्ये फ्लेव्होनॉइडशी नाते सांगणारी आहेत. फूल उमलते तेव्हा ते बहुधा पिवळे असते. कोमेजताना ते केशरी-लाल होते. या काळात एका पिवळ्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन ‘कार्थामिन’ हे लाल द्रव्य तयार होते. पिवळा रंग पाण्यात सहज विरघळतो, लाल मात्र विरघळत नाही. जुन्या रंगाऱ्यांनी याच फरकाचा उपयोग केला. पाकळ्या वारंवार धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, उरलेला चोथा राखेच्या क्षारयुक्त पाण्यात भिजवून लाल रंग उतरवायचा आणि त्यात लिंबासारखे आम्ल घालून तो कापडावर बसवायचा. पाकळ्यांत पिवळा रंग विपुल, तर लाल एक टक्क्याहूनही कमी असल्याने ही कृती खर्चिक होती. शिवाय लाल रंग उन्हात विटतो. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग शोधल्यानंतर स्वस्त रंगांपुढे हा व्यवसाय टिकला नाही.

स्वयंपाकघरात या रसायनशास्त्राचा प्रत्यय रोज येतो. पालेभाजी चिंचेबरोबर शिजवली, की हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते व रंग मळकट होतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, कारण कुरकुमिन क्षारात रंग बदलते. कॅरोटिनॉइड स्निग्ध पदार्थात विरघळतात. म्हणून गाजराच्या भाजीला तेलाची फोडणी दिल्यास त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य शरीराला अधिक मिळते.

करडईच्या पाकळ्यांचा एक गैरवापरही होतो. वाळलेल्या पाकळ्या महागड्या केशरात मिसळल्या जातात. केशराचा रंग ‘क्रोसिन’ या कॅरोटिनॉइडचा आणि सुगंध ‘सॅफ्रनाल’चा; करडईत यांपैकी काहीच नाही. केशराचा धागा टोकाकडे तुतारीसारखा रुंदावतो, तर करडईची पाकळी बारीक नळीसारखी असून टोकाला चिरलेली असते. ग्राहकाने एवढे पाहून घेतले, तरी बरीचशी फसवणूक टळते.

गेल्या काही दशकांत करडईचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर घटले. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनासे झाले आणि सोयाबीन-हरभऱ्याने जागा घेतली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण विकसित केले, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा वाणही शेतकऱ्यांना परिचित आहे. फलधारणेनंतर कोमेजलेल्या पाकळ्या वेचल्या, तर बियांचे उत्पादन घटत नाही. म्हणजे त्याच रोपापासून तेल आणि रंग ही दोन उत्पन्ने मिळू शकतात. मात्र पाकळ्या वेचण्याची मजुरी भरून निघेल असा भाव मिळाला, तरच कोरडवाहू शेतकऱ्याला हा रंग परवडेल.