जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर कसे तपासायचे?

माळ्यावर १९७०-८० च्या काळातला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर सापडला, की लगेच प्लग लावून गाणं वाजवायचा मोह होतो. पण थांबा! आतले कपॅसिटर खराब असतील तर ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकरही जळू शकतो.

नक्की काय खराब होतं?

मुख्य संशयित म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि इलेक्ट्रोलाइट नावाचं द्रव असतं. वर्षानुवर्षं आणि उष्णतेमुळे हे द्रव सुकतं. मग क्षमता घटते आणि ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढतो. फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटर सहसा टिकून राहतात.

आवाजावरूनही अंदाज येतो. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकरमधून 'घूंऽऽ' येत असेल, तर पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर आधी बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर बहुधा १०० हर्ट्झची असते.

आधी सुरक्षा

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगी उडते. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने दोन्ही टोकांना अर्धा मिनिट लावा. मग मल्टिमीटरवर डीसी व्होल्ट जवळजवळ शून्य आहेत ना, ते पाहा. प्रत्येक मोठ्या कपॅसिटरला हेच करा.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३००-४०० व्होल्ट असू शकतात, जिवावर बेतू शकतं. ते काम जाणकाराकडेच द्या.

तपासणी

१. डोळ्यांनी: फुगलेलं टोक, गळलेलं द्रव, गंजलेले पाय बघा. बुडाशी तपकिरी थर दिसला तर तो नुसता जुना गोंदही असू शकतो. आणि बाहेरून चकाचक दिसणारा कपॅसिटरही आतून सुकलेला असू शकतो.

२. क्षमता: सर्किटमधले इतर पार्ट रीडिंग बिघडवतात, म्हणून निदान एक पाय डिसोल्डर करा. ±२० टक्के टॉलरन्स असेल तर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३७६० ते ५६४० मध्ये यायला हवा. स्वस्त मल्टिमीटरची रेंज एवढी नसते, आधी बघून घ्या.

३. ईएसआर: यासाठी वेगळा मीटर लागतो. बऱ्याचदा कपॅसिटर न काढताही मोजता येतं. क्षमता बरोबर पण ईएसआर जास्त, असंही होतं. मग तो बदलायचाच.

४. लिकेज: साधा मल्टिमीटर कमी व्होल्टवर मोजतो, त्यामुळे खऱ्या व्होल्टवर होणारी गळती त्याला कळत नाही. रीडिंग छापील आकड्यापेक्षा खूप जास्त आलं, तरी संशय घ्या.

बदलताना

काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. नवा कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, शक्यतो १०५ अंशांचा. प्लस-मायनस उलटं झालं तर तो फुटू शकतो.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवा आणि ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा (एलईडी चालणार नाही). बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे.